वहीत नसलेली नावे

माझ्याकडे प्रार्थनेची एक वही आहे. महिन्याच्या प्रत्येक तारखेला एक पान आणि प्रत्येक पानावर चार-पाच नावे: मंडळीतील, म्हणजे आमच्या चर्चमधील, आजारी माणसे, नोकरीच्या शोधात असलेले तरुण, सेवेसाठी दूर गेलेली कुटुंबे, पाळकसाहेब, राज्यकर्ते, जुने सहकारी. ही वही मी अनेक वर्षे नेमाने वापरत आलो होतो आणि खरे सांगायचे तर तिच्याबद्दल मला थोडा अभिमानही होता. एका रात्री काहीतरी शोधताना ती पत्नीच्या हाती लागली. तिने ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळली, मिटली आणि अगदी सहज विचारले, "अहो, यात आपण कुठे आहोत?"

घरच्यांसाठी तर मी रोजच प्रार्थना करतो, त्यांची नावे लिहून ठेवायची गरज काय, असे उत्तर मी लगेच दिले. ती पुढे काही बोलली नाही. पण अंथरुणावर पडल्यावर मी आठवू लागलो की ही रोजची प्रार्थना नेमकी असते तरी काय. "आणि प्रभू, माझ्या घरच्यांना आशीर्वाद दे" हे एक वाक्य, बहुधा 'आमेन'च्या अगदी आधीचे. मंडळीतील एका वृद्ध बाईंच्या गुडघ्याचे ऑपरेशन कोणत्या तारखेला आहे हे मला पाठ होते. माझ्या सोळा वर्षांच्या मुलाला सध्या कशाची धास्ती वाटते, हे मात्र मला ठाऊक नव्हते.

त्या रात्री मला मार्काच्या शुभवर्तमानातील 'कुर्बान' हा शब्द आठवला. सातव्या अध्यायात प्रभू येशू परूशी व शास्त्री या यहुदी धर्मपुढाऱ्यांना सुनावतो, की आईबापांना जे द्यायला हवे ते 'कुर्बान', म्हणजे देवाला वाहिलेले आहे असे म्हणून तुम्ही हात झटकता आणि अशा रीतीने देवाचीच आज्ञा रद्द करता. या भागावर मी स्वतः मंडळीत एकदा बोललो होतो आणि त्या वेळी पैशांचे उदाहरण दिले होते. माझ्या आयुष्यातील कुर्बान पैसा नव्हता, वेळ होता. सोमवारी पंचमंडळाची बैठक, बुधवारी प्रार्थनासभा, शनिवारी गायनाचा सराव, रविवारी संडे स्कूल आणि उपासना. या सगळ्याला 'देवाचे काम' हे नाव असल्यामुळे घरात त्याविरुद्ध कोणी बोलूच शकत नव्हते. जिथे तक्रार करणे म्हणजे देवाविरुद्ध तक्रार करणे ठरते, तिथे माणसे तक्रार करणे सोडून देतात आणि मग घरातील त्या शांततेला आपण सुख समजून बसतो.

म्हणून आम्ही काही गोष्टी ठरवून करायला लागलो. 'ठरवून' या शब्दाविषयी माझ्या मनात आधी अढी होती. नाती आपोआप फुलावीत, वेळापत्रकात मांडलेली माया ही कसली माया, असे मला वाटत असे. पण रविवारची सकाळ उपासनेसाठी राखून ठेवल्याने माझी भक्ती खोटी ठरते असे मला कधी वाटले नव्हते, किंवा दशांश आधीच बाजूला काढल्याने माझे देणे मनापासूनचे राहत नाही असेही नाही. लग्नाच्या दिवशी वेदीसमोर उभे राहून सुखात आणि दुःखात साथ देण्याचे वचन दिले, तेव्हा तर पुढच्या सगळ्या वर्षांचे प्रेम मी एका दमात ठरवूनच टाकले होते. तेव्हा ते कृत्रिम वाटले नाही. आता शुक्रवारची संध्याकाळ मुलासाठी राखून ठेवताना का वाटावे?

जुन्या करारातील 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातील 'हे इस्राएला, ऐक' हा भाग यहुदी भाविक आजही सकाळ-संध्याकाळ म्हणतात. त्यात देवाची वचने मुलांच्या मनावर बिंबवायला सांगितले आहे, आणि त्यासाठी मूळ इब्रीत जे क्रियापद आले आहे त्याचा संबंध धार लावण्याशी आहे. धार एका घावात येत नाही, पुन्हा पुन्हा घासावे लागते. पण माझे लक्ष मुख्यतः दोन गोष्टींनी वेधले. एक म्हणजे क्रम: ही वचने आधी तुझ्या हृदयात असोत, असे सहाव्या ओवीत म्हटले आहे आणि मुलांचा उल्लेख त्यानंतर सातव्या ओवीत येतो. दुसरी म्हणजे सांगितलेल्या वेळा: घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना. यांपैकी एकही वेळ सभेची नाही. चारही वेळा अशा आहेत की ज्या वेळी माणूस मुलांच्या जवळपास असतो आणि त्याला दुसरे काही सिद्ध करायचे नसते.

हे मला समजायला मात्र उशीर लागला, कारण पहिल्या उत्साहात मी नेमके उलटे केले. कौटुंबिक प्रार्थना सुरू केली आणि तिला उपासनेचे स्वरूप देऊन टाकले: दोन गीते, संपूर्ण अध्यायाचे वाचन, माझे विवेचन, प्रत्येकाची प्रार्थना आणि शेवटी प्रभूची प्रार्थना. पंचेचाळीस मिनिटे! तिसऱ्या आठवड्यात धाकटी मुलगी बसल्या बसल्या झोपली आणि मुलाच्या चेहऱ्यावर तो भाव आला, जो मी मंडळीत लांबलेल्या उपदेशाच्या वेळी कित्येकांच्या चेहऱ्यावर पाहिलेला आहे. पत्नीने सुचवले की विवेचन बंद करावे. मला ते लागले, हे कबूल करतो. आता आमची प्रार्थना बारा-पंधरा मिनिटांची असते. शुभवर्तमानातील एखादा छोटा प्रसंग मुलांपैकी कोणीतरी वाचते, प्रत्येक जण एक प्रश्न विचारतो आणि त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचे बंधन कोणावरही नसते. मी उत्तरे देणे थांबवल्यावर मुलांचे प्रश्न वाढले. उधळ्या पुत्राच्या दाखल्यावर, म्हणजे आपला वाटा उधळून घरी परतलेल्या धाकट्या मुलाच्या येशूने सांगितलेल्या गोष्टीवर, मुलीने विचारले होते की धाकटा परत आला तेव्हा मोठ्या भावाला शेतातून बोलवायला कोणी का गेले नाही. लूकाचा पंधरावा अध्याय मी अनेकदा शिकवला आहे, पण मेजवानी सुरू झाल्याचे त्या मोठ्या मुलाला एका चाकराकडून कळले, ही गोष्ट माझ्या डोळ्यांत कधी भरली नव्हती.

पवित्र शास्त्रातील थोर माणसांची घरे पाहिली तर मन थोडे दचकते. एली याजक परमेश्वराच्या मंदिरात सेवा करीत होता आणि त्याचे पुत्र हफनी व फिनहास त्याच मंदिरात अर्पणांची विटंबना करीत होते. एलीच्या घरची ही कहाणी शमुवेलाने बालपणी जवळून पाहिली, तिच्यावरील देवाचा न्याय ऐकणारे कानही त्याचेच होते, आणि तरीही त्याचे स्वतःचे पुत्र योएल व अबीया न्यायासनावर बसून लाच खाऊ लागले. सेवेत राहिल्याने घर आपोआप सांभाळले जात नाही, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

पण या सर्वांत मला सर्वाधिक अस्वस्थ करतो तो दावीद राजा. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात त्याचा पुत्र अदोनीया याच्याविषयी एक वाक्य ओझरते येऊन जाते, की त्याच्या बापाने "तू असे का केलेस?" असे विचारून त्याला कधी दुखवले नव्हते. एका बापाचे सगळे अपयश त्या एका न विचारलेल्या प्रश्नात सामावलेले आहे. आणि अबशालोम! भावाचा खून करून तो गशूर येथे पळाला आणि तीन वर्षे तिथे राहिला. दाविदाचे मन त्याच्याकडे ओढ घेत होते, असे शास्त्र सांगते. मग त्याला यरुशलेमेत परत आणले गेले, पण दोन वर्षे बाप आणि मुलगा एकाच नगरात राहिले आणि त्यांनी एकमेकांचे तोंड पाहिले नाही. ज्याच्या ओठांवर देवासाठी इतकी स्तोत्रे होती, त्याला मुलासाठी दोन वर्षांत एक वाक्य सुचले नाही. ते पुढे सुचले, वेशीवरच्या खोलीत, "माझ्या पुत्रा, अबशालोमा" असा आक्रोश करताना. पण तोवर ऐकायला अबशालोम उरला नव्हता.

मी राजा नाही आणि माझ्या घरात तलवारी नाहीत. पण एकाच घरात राहून, रोज एकमेकांना पाहूनही, आठवडेच्या आठवडे "झाला का अभ्यास?" यापलीकडे मुलाला काहीही न विचारलेला बाप मी होतो.

शुक्रवारची कल्पना मला सुझाना वेस्ली यांच्यावरून सुचली. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन आणि चार्ल्स वेस्ली यांची ही आई इंग्लंडमधील एपवर्थ येथील धर्मोपदेशकाची पत्नी होती. तिला एकोणीस मुले झाली, त्यांपैकी जवळजवळ निम्मी बालपणीच दगावली. १७०६ साली आजच्या तमिळनाडूतील तरंगंबाडी येथे येऊन पोहोचलेल्या डॅनिश मिशनच्या धर्मप्रचारकांचा वृत्तांत तिच्या वाचनात आला आणि ती भारावून गेली. आता यावर एखाद्याने मिशनला देणगी पाठवली असती किंवा आपल्यालाही असे जाता यावे म्हणून उसासा टाकला असता. १७१२ च्या सुरुवातीला पतीला लिहिलेल्या पत्रात तिने कळवले, की मी माझ्या मुलांपासून सुरुवात करण्याचे ठरवले आहे आणि रोज रात्री एकेका मुलाशी स्वतंत्रपणे बोलण्याइतका वेळ मी काढते. लहानग्या जॉनच्या वाट्याला गुरुवार आला होता. मोठेपणी ऑक्सफर्डमध्ये असताना त्याच जॉनने आईला लिहिले, की गुरुवारच्या संध्याकाळचा तेवढा थोडा वेळ तू मला पुन्हा देऊ शकलीस तर बरे होईल. सुझानाच्या शिस्तीच्या काही कल्पना आज मला मुळीच पटत नाहीत. पण तो गुरुवार मला फार पटतो.

आमच्या शुक्रवारी फारसे काही घडत नाही. मी आणि मुलगा चालायला जातो, फोन घरी ठेवतो आणि तासाभराने परत येतो. पहिले काही शुक्रवार आम्ही जवळजवळ मुक्यानेच चाललो. समोरासमोर बसलो की त्याला चौकशी चालल्यासारखे वाटे, शेजारी चालताना वाटत नसावे. 'वाटेने चालत असता' यामागे हाही अनुभव असेल, असे मला उगाच वाटून गेले. पाचव्या किंवा सहाव्या शुक्रवारी मी त्याची क्षमा मागितली. वर्षभरापूर्वी पाहुण्यांसमोर मी त्याचे गुण वाचून दाखवले होते आणि सगळे हसले होते. मी तो प्रसंग विसरलो आहे, असे त्याने धरून चालले होते. पौलाने इफिसकरांस आणि कलस्सैकरांस लिहिलेल्या दोन्ही पत्रांत बापांना सांगितले आहे की मुलांना चिडीस आणू नका, आणि कलस्सैकरांस त्याचे कारणही दिले आहे: ती खिन्न होतील. मुलांनी आज्ञा पाळावी ही ओवी आमच्या घरात सर्वांना पाठ होती. तिच्या लगेच पुढची ओवी मी त्याला प्रथमच म्हणून दाखवली, माझ्याविरुद्धचा पुरावा म्हणून. तो म्हणाला, "बाबा, इतकं काही नाही." मग बराच वेळ तो काही बोलला नाही आणि परतताना त्याने मला त्याच्या वर्गातील अशी एक गोष्ट सांगितली, जी मी इथे लिहिणार नाही.

पत्नीच्या बाबतीत बदल त्याहून लहान आहे. रविवारी रात्री मी तिला विचारतो, "या आठवड्यात तुझ्यासाठी काय मागू?" आणि ती जे सांगते ते लिहून घेतो. पेत्राच्या पहिल्या पत्रात पतींना बजावले आहे की पत्नीशी समजूतदारपणे व मानाने वागा, म्हणजे तुमच्या प्रार्थनांत व्यत्यय येणार नाही. प्रार्थनेतील अडथळे मी आजवर सैतानात, आळसात आणि फोनमध्ये शोधत आलो होतो.

मोठ्या भावाचे प्रकरण अधिक अवघड होते आणि ते अजून संपलेले नाही. वडिलांच्या निधनानंतर घराच्या वाटणीवरून आमच्यात वाद झाला आणि चार वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नाही. त्या चारही वर्षांत प्रभुभोजनाच्या वेळी भाकर आणि प्याला वाटण्यास मी मदत करीत होतो. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो की वेदीपाशी दान अर्पिताना आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर दान तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट कर. तुझ्या मनात त्याच्याविरुद्ध काही असेल तर, असे तो इथे म्हणत नाही. त्याच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर, असे म्हणतो. चूक कोणाची होती या प्रश्नामागे मी चार वर्षे लपलो होतो आणि या ओवीत तो प्रश्नच विचारलेला नाही. शिवाय हे वचन ऐकणारे लोक गालीलातले होते आणि वेदी यरुशलेमेत, म्हणजे पायी काही दिवसांच्या अंतरावर होती. अर्पण तिथे तसेच सोडून घरी परतायचे आणि समेट करून पुन्हा जायचे, हे सांगणे त्यांना किती जड वाटले असेल. मला तर फक्त एक बस पकडायची होती.

दादाने दार उघडले. आम्ही एकमेकांच्या तब्येतीबद्दल बोललो, मुलांच्या शिक्षणाबद्दल बोललो आणि निघताना मी म्हणालो, "दादा, त्या दिवशी वकिलासमोर मी जे बोललो, ते बोलायला नको होते." तो म्हणाला, "बरं." मिठी, अश्रू, मेजवानी यांतले काहीच घडले नाही. तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या रविवारी मी त्याला फोन करतो. हे बोलणे तीन-चार मिनिटे चालते. अजून एकदाही त्याने आपणहून फोन केलेला नाही. साक्षींच्या सभेत, जिथे लोक देवाविषयीचे आपले अनुभव सांगतात, तिथे सांगण्याजोगे यात काही नाही. पण आपण ज्या साक्षी ऐकतो त्यांत समेट नेहमी पूर्ण झालेला असतो आणि त्यामुळे ज्यांचा अर्धवट राहिला आहे ती माणसे गप्प बसतात, म्हणून हे इथे लिहिले.

विश्वासाच्या बाबतीत घरात फूट असेल तर काय, हा प्रश्न आमच्याकडे दोन वर्षांनी आला. मुलाने एका रविवारी शांतपणे सांगितले की मी यापुढे उपासनेला येणार नाही, कारण तुम्ही जे म्हणता ते मला खरे वाटत नाही आणि वाटत असल्याचे सोंग मला करायचे नाही. माझी पहिली प्रतिक्रिया भीतीची होती आणि तीही, लाज वाटते, मंडळी काय म्हणेल याची. पत्नीने मला योहानाच्या सातव्या अध्यायाची आठवण करून दिली: येशूचे भाऊदेखील त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हते. ज्या घरात तो स्वतः वाढला, त्या घरातली ही स्थिती. आणि तरी प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्या अध्यायात प्रार्थनेत एकचित्त असलेल्यांमध्ये त्याच्या आईबरोबर त्याचे भाऊही आहेत. दरम्यान पुनरुत्थित प्रभू त्या भावांपैकी याकोबाला दिसला, एवढे पौल सांगतो. त्या भेटीत काय बोलणे झाले, ते कोणीच लिहून ठेवलेले नाही.

आपल्या भाषेतले उदाहरण रेव्हरंड टिळकांच्या घरचे आहे. १८९५ साली कवी नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा संसार एका दिवसात दुभंगला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे परतल्या, पण त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःला पटल्यावर. त्या आधी परतल्या आणि नंतर ख्रिस्ती झाल्या, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. कवीच्या घरातसुद्धा विश्वास शब्दांनी नव्हे, सहवासाने पोहोचला असावा.

तेव्हा आम्ही दोघांनी दोन गोष्टी ठरवल्या. एक, वादात शास्त्रवचने वापरायची नाहीत. दुसरी पाळायला जास्त कठीण होती: त्याच्या देखत त्याला ऐकू जाईल अशी प्रार्थना करायची नाही. प्रार्थनेच्या आडून टोमणे मारण्याची कला आपल्या ख्रिस्ती घरांत चांगलीच मुरलेली आहे. "प्रभू, या घरातील प्रत्येकाला नम्र हृदय दे" असे म्हणताना डोळे मिटलेले असले तरी बोट कोणाकडे आहे, हे सर्वांना कळते. पुढे थोर ख्रिस्ती धर्मपंडित झालेल्या ऑगस्टीनची आई मोनिका कितीतरी वर्षे मुलासाठी रडत राहिली आणि ३८७ सालच्या ईस्टरला त्याचा बाप्तिस्मा झाला, ही कथा अशा वेळी धीर म्हणून सांगितली जाते. पण ती तारीख कोणाच्या हातात देता येत नाही, आणि मोनिकेचे नाव घेऊन मुलाच्या मागे लागणे हेही घराचे कुर्बान करण्याचाच एक प्रकार होऊ शकतो.

शुक्रवारचे चालणे मात्र त्याने सोडले नाही. गेल्या महिन्यात परतल्यावर त्याने एकाएकी विचारले, "तुमच्या वहीत माझ्याबद्दल काय लिहिलंय?" मी क्षणभर घुटमळलो आणि मग त्याचे पान उघडून वही त्याच्यापुढे ठेवली. 'त्याचा विश्वास त्याला परत मिळो' असे तिथे वेगवेगळ्या तारखांना, वेगवेगळ्या शाईत, सात वेळा लिहिलेले होते. त्याने सगळे वाचले. माझ्या खिशातले पेन मागून घेतले आणि त्याखाली स्वतःच्या अक्षरात लिहिले: 'मुलाखत, मंगळवार, सकाळी अकरा.'